जुन्या गोमंतकीय घराची आणि त्यातील लाकडी सामानाची दुरुस्ती

अंत्रुज महालातील, म्हणजे गोव्याच्या फोंडा भागातील, आमचे वडिलोपार्जित घर चिऱ्यांचे, कौलारू आणि मधोमध राजांगण, म्हणजे उघडा चौक, असलेले आहे. ते कोणत्या वर्षी बांधले हे सांगणारा कागद घरात नाही. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना 1865 साली काढला, म्हणजे सध्याचे मंगळुरी कौलांचे छप्पर त्यानंतरचे असले पाहिजे. भिंती त्याहून जुन्या असाव्यात, कारण न्हाणीघरामागे जुन्या नळ्याच्या कौलांची एक रास आम्हांला सापडली. हे घर राहण्याजोगे करताना जे शिकायला मिळाले, आणि ज्या चुका पदरचे पैसे घालून कराव्या लागल्या, त्यांवरून पुढील सूचना लिहिल्या आहेत.

सर्वांत मोठी चूक कामाच्या क्रमाची होती. घरात लग्न ठरले होते, म्हणून दर्शनी भाग आधी नीट करावा असे ठरले आणि आम्ही देव्हारा, बैठकीतले बाक व झोपाळा यांना नवे पॉलिश करून घेतले. त्याच पावसाळ्यात छप्पर गळले, ओलीने पॉलिशवर पांढरे ढग उमटले आणि पुढच्या वर्षी भिंतीचा गिलावा काढताना उडालेली धूळ उरलेल्या पॉलिशमध्ये घासली गेली. तेव्हा पाणी जिथून येते तिथून कामाला सुरुवात करावी. प्रथम छप्पर, नंतर भिंती आणि जोत्याभोवतीचा निचरा, मग वासे-खांब व चौकटी, त्यानंतर दारे-खिडक्या, आणि घरातील सामान अगदी शेवटी. पैसे कमी असतील तर या क्रमातली शेवटची कामे पुढे ढकलावीत. क्रम मात्र उलटवू नये.

काम कोरड्या दिवसांत करायचे असले तरी पाहणी पावसातच करावी. गोव्यात पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि वर्षभरात सुमारे 3000 मिलिमीटर पडतो. एवढे पाणी घराची प्रत्येक दुखरी जागा स्वतःच दाखवून देते. जुलैमध्ये झड लागलेली असताना विजेरी आणि खडू घेऊन माळ्यावर चढावे, जिथे थेंब दिसतो त्या वाशावर खूण करावी आणि त्या खुणांचा नकाशा एका वहीत काढून ठेवावा. थेंब जिथे पडतो तिथेच कौल फुटलेले असते असे नाही, कारण पाणी वाशाच्या अंगाने बरेच खाली ओघळत येते. म्हणून ओल्या रेघेचा माग वरच्या टोकापर्यंत काढावा. भिंतींच्या ओलीचेही दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. वरून उभे ओघळ आलेले असतील तर दोष छपराचा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत आडवा पट्टा ओलसर दिसत असेल आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरी मिठासारखी पूड जमत असेल, तर पाणी जोत्यातून वर चढते आहे. या दोन दुखण्यांचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर खर्च निव्वळ वाया जातो.

छप्पर

दिवाळी आटोपल्यावर, गवत आणि माळा पूर्ण सुकले की छपराला हात घालावा आणि मेच्या मध्यापर्यंत शेवटचे कौल बसलेले असावे. वळवाचा पाऊस तारीख विचारून येत नाही, म्हणून एका वेळी एकाच उताराची कौले काढावीत आणि मोठी ताडपत्री हाताशी ठेवावी. काढलेले प्रत्येक कौल हाताच्या बोटांनी वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर ते अजून कित्येक वर्षे टिकेल. बद्द आवाज आला तर त्यात तडा आहे किंवा ते पाणी पिऊ लागले आहे. शेवाळ नारळाच्या काथ्याने किंवा साध्या ब्रशने घासून काढावे आणि कौल उन्हात दोन दिवस सुकवावे.

इथे एक बारकावा आहे आणि तो मला एका वृद्ध मेस्ताने, म्हणजे कारागिराने, दाखवला. मंगळुरी कौलांच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो, आणि वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा व कडा एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. फुटलेल्या कौलांच्या जागी मिळेल ते कौल बसवत गेल्यामुळे बहुतेक जुन्या छपरांवर चार-पाच छापांची सरमिसळ झालेली असते, आणि गळती नेमकी त्या सांध्यांतून होते. कौले उतरवल्यावर छापानुसार त्यांच्या वेगळ्या राशी कराव्यात आणि एका उतारावर एकाच छापाची कौले घालावीत. कमी पडलेली कौले नवी विकत घेण्याआधी गावात कुणी जुने घर उतरवत आहे का याची चौकशी करावी. त्याच छापाची जुनी कौले मिळाली तर ती नव्यापेक्षा चांगली. आमच्या चार उतारांपैकी तीन याच रीतीने पूर्ण झाले, आणि मागच्या उतारावर नवी कौले गेली.

कौले उतरलेली असतानाच रिपा, म्हणजे कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्या, तपासाव्यात. त्या सरळ रेषेत आणि समान अंतरावर नसतील तर कौल कितीही चांगले असले तरी बसणार नाही. रिपांमधील अंतर सुमारे एक फूट असते, पण ते पुस्तकातून घेऊ नये. हातातली दोन कौले एकात एक नीट अडकवून त्यांवरूनच मोजावे. जुन्या घरांत पोफळीच्या फाट्यांच्या किंवा माडाच्या लाकडाच्या रिपा आढळतात. पिकलेल्या माडाच्या बाहेरच्या काळ्या भागातून काढलेली रीप फार टणक असते, आणि ती मिळत असेल तर बदलू नये. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत. वळचणीच्या शेवटच्या दोन ओळी तारेने रिपांना बांधाव्यात, कारण वादळी वाऱ्यात प्रथम त्याच उचलल्या जातात, आणि फोंडा-सत्तरीच्या बाजूला माकडांच्या उड्याही तिथेच पडतात.

राजांगण असलेल्या घरात सर्वांत नाजूक जागा म्हणजे आतल्या बाजूने दोन उतार जिथे मिळतात तो खोलगट सांधा. चौकाच्या चारही कोपऱ्यांत असा एकेक सांधा असतो आणि दोन्ही उतारांचे पाणी तिथे एकवटते. जुना पत्रा काढून तिथे जाड, न गंजणारा पत्रा घालावा. तो दोन्ही बाजूंच्या कौलांखाली किमान सहा इंच गेलेला असावा आणि पत्र्याच्या दोन तुकड्यांचा जोड आला तर वरचा तुकडा खालच्यावर भरपूर चढवावा. या पन्हळीत पाने साचली की पाणी पत्र्याच्या कडेवरून आत उलटते, म्हणून मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये ती हाताने साफ करावी. आमच्या घरातील जवळजवळ अर्धी गळती या चार कोपऱ्यांतून होती.

आढ्यावरची कोन्याची कौले हल्ली सरसकट सिमेंटमध्ये बसवतात. सिमेंट कौलापेक्षा कठीण असल्यामुळे उन्हाने छप्पर हलले की तडा कौलालाच जातो आणि पुढच्या वेळी कौल अखंड सुटत नाही. चुन्याचा, फार तर किंचित सिमेंट मिसळलेला माल वापरावा. कौलांवरून रंगीत पत्रा टाकण्याची पद्धत आता गावोगाव दिसते. माकडांचा उपद्रव असलेल्या घरांची अडचण मला समजते. तरीही पत्रा टाकायचाच असेल तर कौले आणि पत्रा यांच्यामध्ये वारा खेळेल एवढी मोकळी जागा ठेवावी, कारण ती नसेल तर खालचे वासे कोंदटतात आणि त्यांना भुंगा लागतो. अंधाऱ्या खोल्यांसाठी चार-पाच काचेची कौले घालणे हा मात्र स्वस्त आणि उत्तम उपाय आहे.

चिऱ्यांच्या भिंती

चिरा म्हणजे जांभा दगड. तो खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहिल्यावर कठीण होतो, आणि त्याच्या अंगभर छिद्रे असतात. फ्रान्सिस ब्युकनन या सर्वेक्षकाने केरळमधील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहून 1807 साली त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटराइट हे नाव दिले. विटेसारखाच तो पाणी पितो आणि संधी मिळाली की ते हवेत सोडतो. आपल्या पूर्वजांनी तो मातीत किंवा चुन्यात बांधला आणि वरून चुन्याचा गिलावा केला, तेव्हा ही ये-जा त्यांनी गृहीत धरली होती.

आमच्या घरात याआधी केव्हातरी एका कंत्राटदाराच्या सल्ल्याने दोन खोल्यांना सिमेंटचा गिलावा आणि त्यावर पाणीरोधक रंग लावून घेतला होता. दोन वर्षे भिंती सुरेख दिसल्या. मग जोत्यातून चढणारे पाणी, ज्याची बाहेर पडायची वाट बंद झाली होती, ते गिलाव्याच्या मागून वर सरकत गेले. पूर्वी दोन फुटांवर थांबणारी ओल साडेचार फुटांवर पोहोचली, आणि भिंतीत रुतलेल्या लाकडी चौकटीची खालची दोन्ही टोके कुजली. एवढा गिलावा छिन्नीने काढताना चिऱ्यांचे पापुद्रेही निघाले. जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंट लावू नये, हे मी म्हणूनच ठामपणे सांगतो.

ओल चढत असेल तर भिंतीला हात लावण्याआधी बाहेर पाहावे. बहुधा गेल्या पन्नास वर्षांत अंगणाची पातळी माती आणि काँक्रीट घालून वाढवलेली असते आणि जोते त्यात बुडालेले असते. अंगण जोत्याच्या खाली किमान नऊ इंच उतरवावे, घराकडून बाहेर उतार द्यावा आणि पागोळ्या पडतात त्या रेषेवर उथळ गटार किंवा खडीचा पट्टा करावा, म्हणजे शिंतोडे भिंतीवर उडत नाहीत. पावसाच्या तोंडावरच्या भिंतींना पूर्वी माडाच्या चुडतांची विणलेली मल्लां बांधत असत. ती पद्धत हास्यास्पद नाही, आणि पश्चिमेच्या भिंतीसाठी आम्ही ती पुन्हा सुरू केली आहे.

चुन्याचा गिलावा करण्यासाठी कळीचा चुना किमान तीन आठवडे आधी विरवावा. मोठ्या पिंपात आधी पाणी घ्यावे आणि त्यात थोडा थोडा चुना सोडावा. चुन्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण तो उसळून उकळतो आणि डोळ्यांना कायमची इजा करू शकतो. चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय हे काम करू नये आणि मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये. विरलेला चुना लोण्यासारखा झाला की एक भाग चुना आणि तीन भाग नदीची धुतलेली वाळू असा माल करावा. समुद्राची वाळू खारट असते, ती कदापि वापरू नये. जिथे ओल जास्त आहे तिथे वाळूचा काही हिस्सा कमी करून विटांची बारीक पूड, म्हणजे सुरखी, मिसळावी, त्यामुळे चुना ओलीतही धरतो. भिंत आधी पाण्याने भिजवून घ्यावी आणि एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जाड थर देऊ नये. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो, म्हणून त्याला घाई चालत नाही: आठवडाभर दिवसातून दोनदा पाणी शिंपडावे, ऊन थेट पडत असेल तर ओले गोणपाट लावावे आणि मगच दुसरा थर द्यावा. ज्या गवंड्याला हे माहीत नाही तो दुसऱ्याच दिवशी भेगा दाखवून चुन्याला नावे ठेवील.

रंगासाठी पातळ चुन्याचे तीन-चार हात द्यावेत. त्यात काव किंवा पिवडी मिसळली की गोव्यातल्या जुन्या घरांचे ओळखीचे लाल आणि पिवळे रंग मिळतात. दर दोन-तीन वर्षांनी एक हात द्यावा लागतो हे खरे, पण तो घरच्या घरी देता येतो.

वासे, खांब आणि चौकटी

आपल्या जुन्या घरांत ऐन, किंदळ, फणस, सागवान आणि शिसव ही लाकडे प्रामुख्याने आढळतात. ऐनाला गोव्यात माट्टी म्हणतात. वासे आणि तुळया बहुधा त्याच्याच किंवा किंदळाच्या असतात, तर दारे फणसाची वा सागवानाची. दुरुस्तीला शक्यतो त्याच जातीचे, आणि जुनेच लाकूड वापरावे, कारण नवे लाकूड पुरेसे वाळलेले नसते आणि बसवल्यावर आखडते. स्वतःच्या बागेतले झाड तोडायचे असले तरी वनखात्याची परवानगी लागते. त्यासाठी गोव्यात 1984 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे.

प्रत्येक लाकूड जाड सुईने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावे. भिंतीत रुतलेली तुळईची टोके, वळचणीकडील वाशांची टोके आणि चौकटींचे पाय या तीन जागा आधी तपासाव्यात. सुई चटकन आत गेली तर कूज आहे; भोवतालचे लाकूड टणक लागेपर्यंत टोचत जावे आणि तिथे पेन्सिलीने रेघ ओढावी. वाशाचे केवळ टोक कुजले असेल तर पूर्ण वासा बदलण्याची गरज नसते. कुजका भाग रेघेच्या पलीकडे सहा इंच चांगले लाकूड घेऊन कापावा आणि तिरका, पाचरीसारखा काप घेऊन नवा तुकडा जोडावा. या कापाची लांबी वाशाच्या उंचीच्या किमान तिप्पट असावी. जोड दोन किंवा तीन न गंजणाऱ्या बोल्टांनी आवळावा आणि शक्यतो तो आधाराच्या जवळ यावा, दोन आधारांच्या मधोमध येऊ नये. साधा लोखंडी खिळा किंवा बोल्ट ऐनासारख्या लाकडात काळे डाग पाडतो आणि समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या हवेत काही वर्षांतच झिजतो. मोठी तुळई किंवा खांब वाकलेला असेल, तर मात्र हे काम स्वतःच्या अंदाजाने करू नये. छताला टेकू देऊन अभियंत्याला दाखवावे.

वाळवी आणि भुंगा यांची गल्लत बहुतेकांकडून होते. वाळवी जमिनीतून येते आणि भिंतीवर मातीच्या नळ्या बांधत लाकडापर्यंत पोहोचते. भुंग्याची अळी लाकडातच असते आणि बारीक भोकांखाली पिठासारखी पूड पाडते. वाळवीच्या नळ्या झाडून टाकल्याने ती जात नाही. मातीशी लाकडाचा संबंध तोडणे हा खरा उपाय आहे: चौकटीचा पाय कुजला असेल तर तेवढा भाग कापून तिथे चिऱ्याचा किंवा काळ्या दगडाचा ठोकळा बसवावा आणि लाकूड त्यावर उभे करावे. त्यानंतर प्रशिक्षित माणसाकडून जमीन आणि भिंत मिळतात त्या रेषेत सुमारे एक-एक फुटावर अर्ध्या इंचाची भोके पाडून वाळवीनाशक भरून घ्यावे. आपल्याकडे विहीर घराला लागून, कधी कधी न्हाणीघराच्या भिंतीतच असते. तिच्या बाजूला हे औषध मुळीच घालू देऊ नये आणि ही गोष्ट काम सुरू होण्याआधी माणसाला हाताने जागा दाखवून सांगावी.

भुंग्यासाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड यांचे द्रावण चांगले लागू पडते. एक लिटर गरम पाण्यात सुमारे 60 ग्रॅम बोरॅक्स आणि 40 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून ते पॉलिश नसलेल्या कोरड्या लाकडावर एकेक दिवसाच्या अंतराने दोन-तीन वेळा ब्रशने पाजावे. पावसात ते धुऊन जाते, म्हणून ते केवळ छपराखालच्या लाकडासाठी उपयोगी आहे. उरलेले द्रावण मुलांपासून व गुरांपासून दूर ठेवावे.

छप्पर उघडे असताना विजेच्या तारांचाही विचार करून टाकावा. लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या जुन्या तारांचे आवरण ठिसूळ झालेले असते आणि वाळलेल्या वाशांना आग लागायला एक ठिणगी पुरते. तारा नळीतून नव्याने घालाव्यात आणि 30 मिलिअँपिअरचा वीजगळतीरोधक स्विच बसवावा.

दारे आणि खिडक्या

पावसाळ्यात दार अडकू लागले की लोक रंधा काढतात. तसे करू नये. लाकूड हवेतील ओलीने फुगलेले असते, आणि जुलैत रंधा मारलेल्या दाराच्या फटीतून जानेवारीत बाहेरचे अंगण दिसते. अडकणाऱ्या जागी खडू लावून खूण ठेवावी आणि दार डिसेंबरात तपासावे. बऱ्याचदा दोष बिजागरीचा असतो: स्क्रूची भोके सैल झाल्यामुळे दार खाली झुकलेले असते. भोकात सागवानाची बारीक काडी सरसात बुडवून ठोकावी, सुकू द्यावी आणि मग स्क्रू पुन्हा पिळावा. पितळी बिजागऱ्या आणि कड्या चिंच व मिठाने उजळतात. त्या काढून फेकू नयेत, कारण आज मिळणारे पितळ त्या वजनाचे नसते.

शिंपल्यांच्या खिडक्या हा गोव्याचा ठेवा आहे. काच महाग आणि दुर्मिळ होती त्या काळी चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोन कापून ते लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवत असत. त्यातून येणारा प्रकाश दुधासारखा, डोळ्यांना न खुपणारा असतो. हे शिंपले झुवारीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत आढळतात, पण त्यांची संख्या घटली आहे. म्हणून नवे शिंपले शोधत न बसता मोडक्या खिडक्यांतील शिंपले जपून काढावेत आणि दोन खिडक्यांतून एक पूर्ण खिडकी उभी करावी. उभ्या पट्टीचे खालचे टोक मोकळे केले की शिंपले खाली सरकतात. ओढून काढले तर कडा फुटतात. ते कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावेत. आम्ल किंवा चिंच लावू नये, कारण शिंपला चुन्याचाच बनलेला असतो आणि आम्लाने तो विरतो. हे काम हाती घेण्यापूर्वी पर्वरीजवळच्या तोर्डा येथील जुन्या गोमंतकीय घरांना वाहिलेले संग्रहालय पाहून यावे. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेल्या त्या वास्तूत दारे, खिडक्या आणि जमिनीचे नमुने जवळून पाहता येतात आणि आपल्या खिडकीत नेमके काय हरवले आहे ते कळते.

घरातील सामान

शिसवी देव्हारा, पेटारे, बाक, वेताने विणलेल्या खुर्च्या आणि लांब हातांची, पाय टाकून पहुडण्याची ती आरामखुर्ची, जिला गोव्यात वोल्तेर म्हणतात, एवढे सामान बहुतेक घरांत माळ्यावर तरी सापडतेच. प्रथम केवळ साफसफाई करावी. मऊ ब्रशने धूळ काढावी, किंचित साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे आणि लगेच कोरडे करावे. दिव्याच्या काजळीचे आणि तेलाचे थर असतील तर टर्पेंटाइनने पुसावेत. यानंतर अर्ध्या सामानाला दुसरे काहीच करावे लागत नाही. वर्षानुवर्षे हात लागून आलेली चमक पुन्हा विकत मिळत नाही, आणि ती घासून काढून वस्तू नव्यासारखी करण्याचा सध्याचा उत्साह मला पटत नाही. कॉस्टिक सोड्यात बुडवून जुना रंग काढणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे वस्तू देऊ नये, कारण सोड्याने लाकूड काळवंडते आणि सांधे सुटतात.

हलणाऱ्या खुर्चीला खिळा ठोकणे हा सांध्याचा शेवट असतो. जुन्या खुर्च्या खाच आणि तीत बसणारे कुसू यांच्या जोडांवर, सरस लावून उभ्या केलेल्या असतात. सरस गरम पाण्याच्या वाफेने किंवा ओल्या गरम फडक्याने सुटतो. सांधा हळूच उघडावा, जुना सरस पूर्ण खरवडावा आणि नवा सरस किंवा लाकडाचा पांढरा गोंद लावावा. जुन्या सरसावर पांढरा गोंद धरत नाही. सागवान तेलकट असल्यामुळे गोंद लावण्याआधी सांधा स्पिरिटने पुसून घ्यावा. मग सुतळी बांधून काडीने पीळ देत खुर्ची आवळावी आणि सपाट जमिनीवर, चारही पाय टेकले आहेत याची खात्री करून एक दिवस तशीच ठेवावी.

पॉलिश कोणते आहे ते पाहण्यासाठी न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाकावा. तो भाग चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश आहे, आणि जुन्या सामानावर बहुधा तेच असते. त्याची दुरुस्ती सोपी आहे, कारण नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. एक लिटर स्पिरिटमध्ये 150 ते 200 ग्रॅम चपडी लाख रात्रभर भिजवावी आणि फडक्यातून गाळून घ्यावी. जवळ दिवा, उदबत्ती किंवा विडी असू नये. जिथे लाकूड उघडे पडले आहे तिथे 150, मग 220 आणि शेवटी 320 नंबरचा सँडपेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवावा. कापसाची गुंडाळी सुती फडक्यात बांधून तिने पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात सुकू द्यावा आणि आठ-दहा हातांनंतर चमक पाहून थांबावे. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. दमट हवेत लाख सुकताना पांढरी पडते. आमच्या देव्हाऱ्यावर उमटलेले ढगही ओलीमुळेच आले होते आणि कोरड्या दिवसांत स्पिरिटने किंचित ओलसर केलेले गाठोडे अलगद फिरवल्यावर ते गेलेही.

पॉलिशऐवजी जवसाचे उकळलेले तेल लावणार असाल तर एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. ती पाण्यात भिजवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत आणि मगच टाकावीत.

वेताची बैठक नुसती सैल झाली असेल आणि वेत तुटलेला नसेल, तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने गरम पाण्याचे ओले फडके अर्धा तास ठेवावे आणि ती सावलीत सुकू द्यावी. सुकताना वेत आखडतो आणि बैठक पुन्हा ताठ होते. तो सुकेपर्यंत, म्हणजे किमान एक पूर्ण दिवस, खुर्चीवर कुणालाही बसू देऊ नये. वेत तुटलेला असेल तर विणकर गाठावा, आणि त्याच्याकडे सर्व खुर्च्या एकदमच पाठवाव्यात, म्हणजे वीण आणि रंग सारखा येतो.